उन्हाळ्याचा आवाज: १९७६ची उष्णतेची लाट आणि नभोवाणीचा एक दिवस

१/
३ जुलै १९७६ रोजी इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथे पारा ३५.९ अंश सेल्सियसवर पोहोचला. मे महिन्यात ४५ अंश सोसणाऱ्या चंद्रपूर-नागपूरच्या वाचकाला हा आकडा वाचून हसू येईल. परंतु तेथील घरे ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली होती आणि शेती नित्याच्या पावसावर विसंबलेली होती. २३ जून ते ७ जुलै असे सलग १५ दिवस दक्षिण इंग्लंडमध्ये कोठे ना कोठे तापमान ३२ अंशांच्या वर जात राहिले. त्याआधीचे वर्षही कोरडेच गेले होते.

२/
या उन्हाळ्याविषयी बरेच लिहिले गेले आहे. सातठिपक्यांच्या लेडीबर्ड कीटकांचे थवे, रस्त्यांवरील सार्वजनिक नळांपुढच्या रांगा, दुष्काळासाठी नेमलेला स्वतंत्र मंत्री या गोष्टी प्रसिद्ध आहेत. आजचा हा धागा मात्र एका वेगळ्या प्रश्नाविषयी आहे. तो उन्हाळा ऐकू कसा येत होता? आणि ज्यांचे कामच निसर्गाचा आवाज टिपण्याचे होते, त्या नभोवाणीच्या ध्वनिमुद्रकांनी त्यातले आपल्यासाठी काय ठेवले?

३/
उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८८९ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे लुडविग कॉख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने एडिसनच्या फोनोग्राफवर, मेणाच्या नळकांडीवर, पिंजऱ्यातल्या एका पक्ष्याचे गाणे उतरवून घेतले. पक्ष्यांच्या आवाजाचे आज ज्ञात असलेले सर्वांत जुने ध्वनिमुद्रण हेच. तो पक्षी होता शामा, आपल्या सह्याद्रीच्या जंगलांतही आढळणारा. त्याच्या शास्त्रीय नावात आजही ‘मलबारिकस’ हा शब्द आहे. ध्वनिमुद्रित निसर्गाचा इतिहास सुरू होतो तो असा, आपल्या ओळखीच्या पक्ष्यापासून आणि उन्हात सहज मऊ पडणाऱ्या मेणावर.

४/
पुढचा टप्पा १९ मे १९२४चा. स्थापनेला दोन वर्षेही न झालेल्या बीबीसीने सरे परगण्यातील ऑक्स्टेड येथील एका बागेत मायक्रोफोन नेला. चेलोवादक बिॲट्रिस हॅरिसन वाजवत होत्या आणि झुडपातून नाइटिंगेल गात होता. (जुन्या मराठी भाषांतरांत या पक्ष्याला ‘बुलबुल’ म्हटलेले आढळते, आपला बुलबुल तो हा नव्हे.) श्रोत्यांना हे प्रक्षेपण इतके आवडले की ते पुढे दरवर्षी होऊ लागले. त्या पहिल्या रात्री पक्ष्याची नक्कल करणाऱ्या कलाकाराचे साहाय्य घेतले गेले होते, असा दावा अलीकडे पुढे आला आहे. वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट नजरेत भरते: यंत्र बागेत आले, तेव्हा पक्षी गाईलच याची खात्री कोणालाच नव्हती. ही अनिश्चितता या व्यवसायाला जन्मापासून चिकटलेली आहे.

५/
कॉख ज्यू होते. नाझी राजवटीतून निसटून ते १९३६ साली इंग्लंडला आले आणि त्याच वर्षी मॅक्स निकल्सन यांच्यासमवेत त्यांनी ‘साँग्ज ऑफ वाइल्ड बर्ड्स’ हा पुस्तक आणि ध्वनिमुद्रिकांचा संच प्रसिद्ध केला. त्या काळी ध्वनी मेणाच्या जाड चकत्यांवर कोरला जाई. मेण फार गार असेल तर सुई नीट कोरत नसे. फार मऊ झाले तर खाच टिकत नसे. सामग्री इतकी अवजड असे की ती मोटारीत ठेवून तेथून मायक्रोफोनपर्यंत लांबच लांब तारा अंथराव्या लागत. हवामान म्हणजे केवळ पक्ष्याची मनःस्थिती नव्हे, यंत्राचीही, हे ध्वनिमुद्रकांना तेव्हापासून ठाऊक आहे.

६/
१९ मे १९४२च्या रात्री पुन्हा एकदा नाइटिंगेलच्या प्रक्षेपणाची सिद्धता झाली होती. तेवढ्यात आकाशातून मानहाइमच्या दिशेने निघालेल्या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानांची घरघर ऐकू येऊ लागली. प्रक्षेपण शत्रूच्या कानी पडले तर विमानांचा सुगावा लागेल, या भीतीने ते रद्द करण्यात आले. ध्वनिमुद्रण मात्र चालू राहिले. पक्षी गातो आहे आणि त्यावरून विमाने जात आहेत, असा तो दस्तऐवज आज उपलब्ध आहे. पक्ष्याचे गाणे टिपायला गेलेल्या माणसांनी युद्ध टिपले. ‘नको असलेला’ आवाजच पुढे इतिहासाला हवासा वाटतो. या धाग्याचे सूत्र येथे आहे. ते लक्षात ठेवावे.

७/
युद्धानंतर १९४६ मध्ये ब्रिस्टल येथून डेस्मंड हॉकिन्स यांनी ‘द नॅचरलिस्ट’ हा नभोवाणी कार्यक्रम सुरू केला. त्याची ओळखधून म्हणजे कॉख यांनी टिपलेली कर्ल्यू पक्ष्याची साद. १९५७ मध्ये त्याच शहरात बीबीसीचा निसर्गविभाग औपचारिकरीत्या स्थापन झाला आणि १९६८ पासून ‘द लिव्हिंग वर्ल्ड’ हा कार्यक्रम नभोवाणीवर येऊ लागला. म्हणजे १९७६च्या उन्हाळ्यात निसर्ग ‘ऐकवणे’ हा तीस वर्षे मुरलेला व्यवसाय होता.

८/
यंत्रेही बदलली होती. १९५० आणि ६०च्या दशकांत चुंबकीय फितीची, खांद्यावर अडकवता येणारी यंत्रे आली. स्टेफान कुडेल्स्की यांचे ‘नाग्रा’ आणि जर्मनीचे ‘उहेर’ ही त्यांतली नामांकित. उहेरवर पाच इंची रीळ बसे. सेकंदाला साडेसात इंच या वेगाने ९०० फूट फीत चालवली, तर ती २४ मिनिटांत संपे. हा आकडा महत्त्वाचा आहे. आजच्या भ्रमणध्वनीप्रमाणे ‘चालू करून ठेवून दिले’ ही सोय तेव्हा नव्हती. प्रत्येक मिनिटाची निवड करावी लागे.

९/
आता त्या काळच्या कार्यपद्धतीवरून उष्णतेच्या लाटेतील एक दिवस डोळ्यांसमोर आणू. हा कोणा एका व्यक्तीचा नोंदवलेला दिवस नव्हे. त्या यंत्रांच्या, त्या ऋतूच्या आणि त्या व्यवसायाच्या नियमांनी ठरवलेला दिवस आहे. स्थळ दक्षिण इंग्लंडमधील एखादे हीथ, म्हणजे हेदर आणि काटेरी गॉर्सच्या झुडपांनी व्यापलेले वालुकामय माळरान. जूनच्या अखेरीस तेथे सूर्य पाच वाजण्याच्या आधीच उगवतो आणि पक्ष्यांचे समूहगान त्याच्याही तासभर आधी सुरू होते. म्हणजे ध्वनिमुद्रक तीन वाजता जागेवर हवा.

१०/
पहाटच का? एक कारण पक्ष्यांचे, दुसरे माणसांचे: तेव्हा मोटारी, ट्रॅक्टर आणि विमाने कमी असतात. तिसरे कारण भौतिकशास्त्राचे आहे. तापमान एका अंशाने वाढले की हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. रात्रभर निवालेल्या जमिनीलगत पहाटे हवा गार आणि वर किंचित उबदार असते. त्यामुळे ध्वनिलहरी वळून पुन्हा जमिनीकडे येतात आणि दूरचा पक्षीही स्पष्ट ऐकू येतो. भर दुपारी याच्या उलट घडते. तापलेल्या जमिनीलगतचा ध्वनी वर वळतो आणि थोड्या अंतरावर उभ्या असलेल्या श्रोत्यापर्यंत पोहोचतच नाही. वर उठणाऱ्या गरम हवेच्या भोवऱ्यांनी उरलासुरला आवाजही थरथरतो.

११/
साडेतीन ते सहा हा खरा सुगीचा काळ. अंतर्वक्र तबकडीच्या केंद्राशी मायक्रोफोन ठेवून एकेका पक्ष्यावर नेम धरायचा. शाळेत आरशाने ऊन एका बिंदूवर आणतात, तसा येथे ध्वनी एकत्र आणला जातो. जून सरत आला की नाइटिंगेल गप्प झालेला असतो. पण रेन, ब्लॅकबर्ड, चंडोल अजून गात असतात. सहानंतर निवेदक आणि जाणकार निसर्गतज्ज्ञ चालत-बोलत संवाद करतात. तो संपला की ध्वनिमुद्रक सर्वांना स्तब्ध उभे करतो आणि कोणीही न बोलता त्या जागेचा नुसता ‘भवताल’ दोन-तीन मिनिटे फितीवर घेतो. संपादनात वाक्ये कापल्यावर सांध्यांखाली अंथरायला हीच फीत कामी येते.

१२/
उष्णतेची लाट पहिला घाला घालते तो या सांध्यांवर. एरवी सकाळचे आठ आणि अकरा या वेळांच्या भवतालात फारसा फरक नसतो. कडक उन्हात मात्र आठ वाजता पक्षी असतात आणि अकरा वाजता ते सावलीत गडप होऊन त्यांची जागा नाकतोड्यांनी घेतलेली असते. कीटकांच्या देहाचे तापमान बाहेरच्या हवेबरोबर बदलते. ऊन चढते तसा त्यांच्या अवयवांच्या घर्षणाचा वेगही चढतो. १८९७ मध्ये अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ एमस डॉल्बेअर यांनी रातकिड्याच्या किरकिरीच्या गतीवरून तापमान सांगण्याचे सूत्रच प्रसिद्ध केले होते. म्हणजे त्या माळावर पारा नुसता चढत नव्हता, तो ऐकूही येत होता.

१३/
व्यवसायाच्या दृष्टीने ही अडचण होती. आठचे वाक्य अकराच्या वाक्याला जोडले, तर पार्श्वभूमीवरची किरकिर एकदम उसळते आणि श्रोत्याला सांधा कळतो. म्हणून शहाणा ध्वनिमुद्रक नऊ-दहापर्यंत बोलणे उरकून यंत्र बंद करी. ज्या क्षणी उष्णतेची लाट खऱ्या अर्थाने ऐकू येऊ लागे, त्या क्षणी फीत थांबे. यात हयगय नव्हती. उलट चांगल्या कामाची ती रीतच होती.

१४/
दुपार मग यंत्र जपण्यात जाई. उन्हात उभी मोटार म्हणजे भट्टी आणि चुंबकीय फितीला उष्णता मानवत नाही. गुंडाळलेल्या फितीचा एक थर शेजारच्या थरावर आपला पुसट ठसा उमटवतो आणि उष्णतेने हा दोष वाढतो. परिणाम चमत्कारिक असतो. शांततेत पक्ष्याची हाक येण्याआधीच तिचा क्षीण प्रतिध्वनी ऐकू येतो. सकाळी मिळवलेली रिळे सावलीत, गार जागी ठेवणे हे दुपारचे मुख्य काम. उन्हाने टिपलेला आवाज बिघडवू नये म्हणून एवढी दक्षता घेतली जाई. खुद्द उन्हाचा आवाज मात्र फितीबाहेर राहून जाई.

१५/
त्या दुपारी माळावर काय घडत होते? १९७६च्या उन्हाळ्यात डॉर्सेट, हॅम्पशायर आणि सरे भागांतील हीथ ठिकठिकाणी पेटले. डार्टफर्ड वॉर्बलर हा छोटा पक्षी, वाळूतली सॅंड लिझर्ड ही पाल, अशा मोजक्या जागी तग धरून असलेल्या जीवांचा निवारा त्यात जळाला. जंगलांत बीच वृक्ष वाळले. वाय नदीच्या खोऱ्यातील लेडी पार्क वुड या राखीव वनात वनस्पतिशास्त्रज्ञांनी झाडांची वर्षानुवर्षे मोजणी ठेवली होती. म्हणून त्या एका उन्हाळ्याचा बीच वृक्षांवरचा परिणाम पुढे कित्येक वर्षे कसा रेंगाळला, हे आज सांगता येते. झाडांना मोजणारे लाभले. आवाजाची दिवसरात्र सलग नोंद ठेवण्याची रीत तेव्हा रूढच नव्हती.

१६/
सूर्य कलल्यावर काम पुन्हा सुरू होई. जून-जुलैच्या उबदार संध्याकाळी हीथवर नाइटजार, म्हणजे आपल्या रातव्याचा भाऊबंद, चरखा फिरवल्यासारखा एकसुरी आवाज काढतो. त्यासाठी रात्री साडेनऊ-दहापर्यंत थांबावे लागे, कारण तेथे सूर्यास्तच नवाच्या पुढे-मागे होतो. पहाटे तीन ते रात्री दहा असा एकोणीस तासांचा दिवस, मधली सहा-सात तासांची पोकळी आणि हाती दोन-चार रिळे, असा हा हिशेब होता.

१७/
पुढे स्टुडिओत फीत ठोकळ्यावर ठेवून पात्याने तिरकी कापायची, चिकटपट्टीने जोडायची. खोकला कापायचा, विमान कापायचे, ‘आज फार उकडतंय’ हे वाक्य कापायचे. कारण कार्यक्रम प्रसारित होईल तेव्हा पाऊसही पडत असेल. (ऑगस्टच्या अखेरीस डेनिस हॉवेल यांना दुष्काळाचे मंत्री नेमले आणि लगोलग पाऊस कोसळू लागला, हा किस्सा ब्रिटनमध्ये अजून सांगतात.) ऋतूतीत, तिथीविरहित, स्वच्छ पहाट श्रोत्यांपर्यंत पोहोचवायची हा त्या कलेचा आदर्श होता. आणि तो आदर्श मोठ्या कौशल्याने पाळला गेला, हे मान्य केलेच पाहिजे. लाखो लोकांना पक्ष्यांची गोडी लागली ती या स्वच्छ पहाटांमुळेच.

१८/
आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायचा प्रश्न. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमधील कॉनिंग्जबी येथे ४०.३ अंशांची नोंद झाली. ब्रिटनमध्ये पाऱ्याने चाळिशी ओलांडण्याची ती पहिली वेळ. अशा दिवसाची तुलना १९७६शी करायची, तर तापमान, पाऊस, नद्यांची पातळी, झाडांची वाढ या सगळ्यांचे आकडे हाताशी आहेत. आवाजाची तुलना कशाशी करायची? निसर्गध्वनींचे जुने संग्रह मोठे आहेत. परंतु ते घडले पहाटेच्या, निवांत हवेच्या, निवडक मिनिटांतून. तापलेल्या दुपारी पक्षी किती वेळ गप्प राहिले, कीटक केव्हा सुरू झाले, याचे साक्षीदार त्यांत विरळा. संग्रह खोटे बोलत नाहीत, पण ते सर्व वेळांविषयी सारखेच बोलत नाहीत.

१९/
ही केवळ अभ्यासकांची हळहळ नव्हे. ब्रिटनमधील नाइटिंगेलची संख्या गेल्या अर्धशतकात ९० टक्क्यांहून अधिक घटली आहे. २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पक्षिगणनेच्या आकड्यांना एकेका पक्ष्याच्या ध्वनिमुद्रणाची जोड देऊन गेल्या पंचवीस वर्षांतील वसंताच्या पहाटा पुन्हा ‘रचण्यात’ आल्या. उत्तर अमेरिका आणि युरोपमधील त्या पहाटा अधिक क्षीण आणि कमी विविध होत चालल्याचे त्यातून दिसले. त्या पहाटा रचाव्या लागल्या, कारण एकाच जागेची, त्याच वेळेची, वर्षानुवर्षांची अखंड फीत बहुतेक ठिकाणी नाहीच. आज झाडाला बांधून ठेवता येणारी स्वस्त, स्वयंचलित यंत्रे ही उणीव पुढच्या काळासाठी भरून काढत आहेत. मागच्या काळासाठी ती भरता येणार नाही.

२०/
आता आपल्याकडे वळू. मुंबईत नभोवाणी केंद्र १९२७ साली सुरू झाले. पुढे डॉ. सालिम अली यांनी १९४१ पासून १९८०च्या दशकापर्यंत आकाशवाणीवरून पक्ष्यांविषयी भाषणे दिली. तारा गांधी यांनी ती संकलित करून २०२१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्या भाषणांचे शब्द आज हाती आहेत. पण ज्या वर्षांत ती दिली गेली, त्या वर्षांतल्या एखाद्या गावच्या वैशाखातली दुपार कशी ऐकू येत असे, हे आपल्याला कोण सांगणार?

२१/
आणि आपली दुपार तर मुकी नाही. इंग्लंडच्या माळावर ऊन चढले की पक्षी थांबतात. आपल्याकडे भर उन्हात तांबट ‘टुक्-टुक्-टुक्’ असा ठोका धरून बसलेला असतो. पावसाळा जवळ आला की पावशा ‘पेर्ते व्हा’ म्हणत शेतकऱ्याला हाक मारतो, असे आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. आपल्या भाषेने उन्हाळ्याचा आवाज ओळखला, त्याला नाव दिले, त्याचा अर्थही लावला. तो आवाज दरवर्षी किती लवकर सुरू होतो, किती उशिरा थांबतो, ४५ अंशांच्या दिवशीही टिकतो का, ही नोंद मात्र आठवणीवर सोडून दिली.

२२/
१९४२च्या त्या रात्री विमानांचा नकोसा आवाज ध्वनिमुद्रणात राहिला म्हणून तो क्षण इतिहासात राहिला. १९७६च्या दुपारी नाकतोड्यांचा नकोसा आवाज येताच फीत थांबली म्हणून त्या दुपारचा फार थोडा भाग उरला. दोन्ही वेळा माणसे आपले काम प्रामाणिकपणेच करत होती. फरक पडला तो ‘महत्त्वाचे काय’ या समजुतीमुळे, आणि ती समजूत दर पिढीत बदलते.

२३/
म्हणून, मित्रहो, एक विनंती. येत्या मे महिन्यात तुमच्या गच्चीवरून, अंगणातून किंवा बांधावरून दुपारी दोन वाजता दहा मिनिटे ध्वनिमुद्रण करा. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात गाव, तारीख, वेळ आणि तापमान सांगा. मागून कुकरची शिट्टी आली, टेम्पो गेला, आई हाक मारू लागली, तरी ते कापू नका. दरवर्षी त्याच जागी, त्याच सुमारास पुन्हा करा. पन्नास वर्षांनी कोणी विचारले की २०२०च्या दशकातला उन्हाळा कसा ऐकू येत होता, तर निदान एका गावापुरते उत्तर उपलब्ध असेल.

धागा समाप्त. तुमच्या भागात भर दुपारी कोणता आवाज हमखास ऐकू येतो, आणि पूर्वी येत असे पण आता येत नाही असा कोणता, हे खाली अवश्य लिहा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहिलेत तर अधिक उत्तम.